हलव्याच्या दागिन्यांच्या बेवारस टोपल्या

आमच्या दुकानात बायका यायच्या, सगळे दागिने निरखून बघायच्या, टोपली काठोकाठ भरायच्या आणि ती तिथेच टाकून निघून जायच्या. खऱ्या दुकानात असं कुणी केलं असतं तर मी निदान मागे धावत जाऊन "अहो बाई, विसरलात" म्हटलं असतं. पण आमचं दुकान इंटरनेटवर. तिथे धावणार कुठे आणि कुणामागे.

दुकान बायकोचं. ती हलव्याचे दागिने करते. पहिल्या संक्रांतीला नवी सून काळ्या साडीवर घालते ते, आणि बोरन्हाणाला बाळाचा कृष्ण करतात ते. आधी हे सगळं ओळखीपुरतं होतं. भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवी सून आली किंवा हिच्या माहेरी कुणाचं बाळ वर्षाचं झालं की हिला निरोप यायचा. एरवी दिवसभर बालवाडी. तिथे तिची वीसेक वर्षं गेली. दर जूनला नवी मुलं, नवी रडारड, नवी नाकं. आवाज कायमचा बसला आणि गुडघे बोलायला लागले. या दिवाळीत फराळाचे डबे भरता भरता ती एकदम म्हणाली, "मला आता बेडूक होऊन उड्या मारायच्या नाहीत."

मी चिवडा खात होतो. म्हटलं, "मग काय व्हायचंय?"

"दागिने करायचेत. पूर्ण वेळ."

बालवाडीच्या मोठ्या बाई समजूतदार. त्यांनी हिला संक्रांतीपर्यंत बिनपगारी रजा दिली. म्हणाल्या, "संक्रांत झाली की पुढच्या सोमवारी मला नक्की काय ते सांग. येणार असशील तर ये, नाहीतर मी दुसरी बघते." म्हणजे हिशेब सरळ होता. दुकान चाललं तर दागिने, नाही चाललं तर पुन्हा बेडूक.

दुकान लेकीने बांधलं. ती घरातूनच कुठल्यातरी कंपनीचं काम करते, म्हणजे दिवसभर कानाला यंत्र लावून इंग्रजीत "येस, येस" म्हणते आणि मधेच मराठीत चहा मागते. तिने दोन रविवार खर्च करून साइट उभी केली. नथ, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, बाळाचा मुकुट आणि बासरी, सगळ्यांचे फोटो काळ्या कापडावर काढले. पुरुषांच्या दागिन्यांसाठी मॉडेल हवा होता. नव्या जावयालाही हलव्याचा हार घालतात, हातात हलव्याचा नारळ देतात. घरात पुरुष मी एकच. मी झब्बा घातला, हार घातला, मनगटावर हलव्याचं घड्याळ बांधलं, नारळ छातीशी धरला आणि चेहऱ्यावर नवा जावई आणायचा प्रयत्न केला. पोट मात्र आत जाईना. फोटो साइटवर चढला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी मला हात जोडून "या जावईबापू" केलं.

आठवड्याने लेक म्हणाली, "बाबा, सगळ्यात जास्त लोक तुझ्या फोटोवर थांबतात."

मी जरा केसांवरून हात फिरवला.

"पण तिथून खरेदी कुणीच करत नाही. मोठा करून बघतात आणि जातात."

तरी मी तो फोटो साइटवरून काढू दिला नाही. गर्दी तर होत होती.

गर्दी खरंच होती, हेच तर दुखणं होतं. लेकीच्या लॅपटॉपवर एक आलेख असायचा. आज किती आले, कुठून आले, काय बघितलं. डिसेंबर लागला तशी रेघ वर जायला लागली. बोरिवली, ठाणे, पुणे, नाशिक, एक बाई चक्क दुबईहून. टोपल्या भरत होत्या. नथ, हार, बांगड्या, सगळा साज. आणि मग पैसे भरायच्या पानाशी आलं की टोपली बेवारस. बायको हॉलमध्ये चटईवर बसून तारेत एकेक दाणा ओवायची आणि मान वर न करता विचारायची, "आलं का काही?"

"आलेत गं. खूप आलेत."

"ऑर्डर आली का, ते विचारतेय."

त्यावर मी पंखा वाढवायला उठायचो. हलवा करताना मात्र पंखा बंद ठेवावा लागतो. मंद आचेवर परात ठेवून तिळावर पाकाचे थेंब सोडत बोटांनी फिरवत राहायचं, तेव्हा कुठे दाण्याला काटा येतो. त्याला थंडी लागते. भांडुपला थंडी म्हणजे पंखा तीनवरून दोनवर. त्यामुळे ती पहाटे उठून हे करायची, आणि मी उठेपर्यंत तिची बोटं लाल झालेली असायची. ती बोटं बघितली की मला त्या आलेखाचा राग यायचा.

आता मी गप्प बसणारा नव्हे. विक्रीचा अनुभव मला नाही, पण मंडळाची वर्गणी गोळा करण्यात माझी जवानी गेली आहे, आणि वर्गणीइतकं अवघड दुसरं काही विकून दाखवा. माझे नियम ठरलेले. दारातच उभं राहायचं. आत बोलावलं तरी बसायचं नाही. पावती फाडल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. आणि "देणार का?" असं कधीही विचारायचं नाही, पेनाचं टोपण काढून "काय लिहू?" म्हणायचं. माणूस आधी पेनाकडे बघतो, मग शेजाऱ्याच्या दाराकडे, आणि देतो.

हेच शास्त्र साइटला लावायचं मी ठरवलं. लेकीला म्हटलं, कुणी निघायला लागलं की मधे पाटी आली पाहिजे. मजकूर मी दिला: "अशा कशा निघालात? टोपली तुमची वाट बघतेय."

दोन दिवसांनी लेक म्हणाली, "बाबा, आधी लोक जरा रेंगाळत तरी होते. आता तुझी पाटी आली की पळतात."

"भाषा कडक झाली का?"

"बाबा, तू त्यांच्या दारात उभा राहिल्यासारखा वाटतोयस."

मग मी दुसरा उपाय काढला. नथीच्या खाली लिहायचं, "शेवटच्या दोनच शिल्लक." हे मोठी मोठी दुकानं करतात, मी स्वतः अशाने तीन वेळा चप्पल घेतली आहे. पण बायकोने ऐकलं.

"शेवटच्या कुठल्या? मी करतेय की अजून."

"अगं, असं लिहायचं असतं."

"गोड बोलायच्या सणाला खोटं लिहायचं? आणि उद्या खरंच कुणी दोन घेतल्या तर तिसरीला काय सांगू, माझा नवरा खोटारडा आहे म्हणून?"

"असं कुणी सांगतं का?"

"तेच सांगेन मी."

सवलतीचा विषय मी काढायच्या आतच तिने हातातली तार खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी सवलत मनातच रद्द केली.

राहता राहिला फोन. टोपली भरताना काही बायका आपला नंबर देऊन ठेवायच्या, तेव्हा म्हटलं, एकेकीला विचारतोच. लेक कानाचं यंत्र काढून धावत आली. "असे फोन नाही करायचे बाबा. लोक घाबरतात. पोलिसात जातात." शेवटी एका मेसेजवर तडजोड झाली, आणि तोसुद्धा तिने लिहिला, मी नाही. "तुमच्या टोपलीत काही दागिने आहेत. काही अडचण आली का? मदत हवी असल्यास कळवा."

बऱ्याच जणींनी उत्तर दिलं नाही. एकीने अंगठा पाठवला, तो होकाराचा की निरोपाचा ते आम्हाला ठरवता येईना. पण शनिवारी सकाळी एकीचा मेसेज आला: "काका, फोन करू का?"

"तिला कसं कळलं मी काका आहे?" मी विचारलं.

"नारळ," लेक म्हणाली.

मुलगी गोड होती. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवराबायको अंधेरीला भाड्याने राहत होते, सासूसासरे मुलुंडला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि पेनाचं टोपण काढल्यासारख्या आवाजात म्हटलं, "बोला, कुठे पाठवू?"

"काका, मला सगळंच आवडलंय. ती मोत्याची नथ आहे ना हलव्यातली, ती तर मी रोज उघडून बघते."

"मग अडलंय कुठे? पैसे भरायचं बटण चालत नाही का?"

"बटण चालतं हो. पण मी कसे भरणार?"

"का? कार्ड नाही?"

मग ती लहान मुलाला समजावतात तसं म्हणाली, "काका, पहिली संक्रांत आहे. हलव्याचे दागिने सासूबाईंनी द्यायचे असतात. मी माझे मीच घेतले तर त्यांना काय वाटेल? हिला घाई झाली होती, असंच ना?"

चटईवर तारेचा आवाज थांबला.

"मग सासूबाईंना सांग ना," मी म्हटलं. मी एव्हाना अगं-तूवर आलो होतो.

"सांगायचं कसं? सांगितलं तर मागितल्यासारखं होतं. मी आपला त्यांना स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हटलं, किती छान करतात ना लोक. त्या म्हणाल्या, हो ना. संपलं. मग त्यांनी शोधलं असेल तर त्यांना काय सापडलं कुणास ठाऊक. मला आवडलंय काका, पण निवडायला त्यांनी हवं."

तिने अजून दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे खोकं तिच्या अंधेरीच्या पत्त्यावर येऊन काही उपयोग नव्हता, ते मुलुंडला जायला हवं होतं, कारण तिथून तिला मिळायचं होतं. दुसरी म्हणजे तिच्या ऑफिसातल्या दोघींनीही आमच्याकडे टोपल्या भरून ठेवल्या होत्या. एकीचे दागिने सासूने द्यायचे होते, आणि दुसरीच्या बाळाचे नाशिकच्या आजीने.

फोन ठेवला तर बायको तोंडाला पदर लावून हसत होती. हसता हसता तिच्या मांडीवरचे दाणे सांडले.

"हे तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला काय, सगळ्या जगाला माहीत आहे. मला वाटलं, तुम्ही दोघांनी विचार करूनच काहीतरी केलं असेल. कम्प्युटरमध्ये मी कशाला तोंड घालू."

"मला कसं माहीत असणार?"

"आपल्या पहिल्या संक्रांतीला तुमच्या आईने दिले होते ना. माझ्या शेजारी तुम्हीच बसला होता फोटोत."

बसलो होतो खरा. पण त्या दिवशी माझं लक्ष गुळाच्या पोळीकडे होतं.

म्हणजे सगळा घोटाळा असा होता. आमच्या टोपल्या भरणाऱ्या वेगळ्या आणि पैसे देणाऱ्या वेगळ्या. दुकानात सून एकटी येत होती, आणि आम्ही तिच्याच तोंडासमोर गल्ला उघडून बसलो होतो. दादरच्या दुकानात त्या दोघी एकत्र गेल्या असत्या. सुनेने नथीकडे नुसतं दोनदा बघितलं असतं, सासूने ते बघितलं असतं, आणि दुकानदाराला "ती काढा हो" म्हटलं असतं. कुणी काही मागितलं नसतं. आमच्या साइटवर त्या दोनदा बघण्याची सोयच नव्हती.

लेक म्हणाली, "सोप्पं आहे. टोपली दुसऱ्याला पाठवायचं बटण टाकते."

बटणावर काय लिहायचं यावर अर्धी दुपार गेली. मी सुचवलं, "सासूबाईंकडून पैसे भरून घ्या." लेकीने डोळे मिटून घेतले. मी सुचवलं, "सासूबाईंना मंजुरीसाठी पाठवा." बायको म्हणाली, "हे तुमच्या विमा ऑफिसातलं काही नको." शेवटी तिनेच सांगितलं, "घरच्यांना दाखवा. एवढंच लिही. आणि ज्यांना दाखवलं त्यांना त्यातलं काढता आलं पाहिजे, घालता आलं पाहिजे. नुसते पैसे द्यायला कुणाला आवडतं? आणि खोकं कुठे पाठवायचं ते त्यांना विचार. आणि माझा नंबर टाक. त्या बाईला बोलायचं असणार."

लेकीने तसं केलं. फक्त टोपलीसोबत जाणारा निरोप लिहायचं काम घरातल्या लेखकाकडे आलं. लेखक म्हणजे मी. मंडळाच्या स्मरणिकेत माझे लेख येतात. मी मन लावून लिहिलं: "आदरणीय सासूबाई, आपल्या लाडक्या सूनबाईंनी आपल्याकडून मिळावेत अशा इच्छेने खालील दागिने निवडले आहेत. आपण त्यांची हौस पुरवावी ही नम्र विनंती." लेक मीटिंगमध्ये होती, तिने वाचला नाही. मी तो तसाच चढवून दिला आणि त्या अंधेरीच्या मुलीला कळवलं, "सोय झाली आहे."

तिने लगेच पाठवलं. तासाभरात बायकोचा फोन वाजला, तो मी स्पीकरवर घेतला.

"कोण बोलतंय?" आवाज जबरदस्त होता. शाळेत मुख्याध्यापिका असाव्यात किंवा सोसायटीच्या सेक्रेटरी.

मी नाव सांगितलं.

"माझ्या सुनेला काय हवंय ते मला तुम्ही सांगणार? नम्र विनंती? मी काय तिची हौस पुरवत नाही, असं तिने तुम्हाला सांगितलंय?"

मी घाईने म्हटलं, "नाही हो ताई, तिने नाही, ते मी लिहिलं..."

"तुम्ही कोण लिहिणारे?"

डोळ्यांसमोर सगळं दिसायला लागलं. ती गोड मुलगी, तिची संक्रांत, सासूचा चढलेला पारा, आणि याचं मूळ म्हणून माझं ते 'आदरणीय'. बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला. स्पीकर बंद करायचं तिला सुचलं नाही, म्हणून पुढचं ऐकायला मिळालं.

"ताई, नमस्कार. दागिने मी करते. तो निरोप आमच्या ह्यांनी लिहिलाय. ह्यांना काही कळत नाही त्यातलं."

"ते दिसलंच मला."

"तुमच्या सूनबाईने काही मागितलं नाही हो. उलट पैसे भरायचं सोडून गेली. म्हणाली, आमच्या सासूबाईंनी निवडलेलं हवंय मला."

"असं म्हणाली?"

"ह्याच शब्दांत."

"मी तिच्यासाठी बघतच होते," आवाज अर्ध्यावर आला. "तिने फोटो पाठवला तेव्हाच म्हटलं, हिच्या मनात दिसतंय. मी खूप शोधलं, पण त्या फोटोतलं दुकान मला मिळेचना. मग आता ह्यांचं ते पत्र." ह्यांचं म्हणजे माझं. "बरं, काटा नीट आहे ना? दमट नाही ना होणार? मागे एकीकडचे आणले होते, हातात घेईपर्यंत चिकट."

"पहाटे करते ताई, पंखा बंद करून. खोक्यात कागद घालून पाठवते."

मग दोघींनी हलव्यावर इतकं बोलणं केलं की मी चहा करून आणला तरी त्या खसखशीच्या दाण्यावरच होत्या. फोन ठेवण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "तिने कंबरपट्टा घातला नाहीये टोपलीत. लाजली असेल. मोठी वस्तू आहे ना. तो घाला. बारीक आहे माझी सून, शोभेल तिला. आणि तिला सांगू नका."

मुलुंडचा पत्ता आला, पैसे आले, आणि बायकोने पहिली खरी ऑर्डर आपल्या हाताने खोक्यात भरली. त्या कंबरपट्ट्यावरून तिने दोनदा हात फिरवला.

माझा निरोप त्याच संध्याकाळी काढून टाकण्यात आला. तोपर्यंत तो आणखी दोघांना गेला होता. त्यातल्या एक नाशिकच्या आजी, आणि दुसरा कुणीतरी नवरा, ज्याला बायकोने आपली निवड दाखवली होती. त्याने उलट लिहिलं, "मी सासूबाई नाही, पण हौस पुरवतो." नवा निरोप बायकोने लिहिला. "हे बघा बरं, कसं वाटतंय? तुम्हाला वाटेल ते बदला." एवढाच. माझ्या लेखनाला तिने लावलेली ही कात्री मला अजून टोचते, पण त्यानंतर काय झालं ते मी नाकारू शकत नाही. टोपल्या बेवारस पडायच्या थांबल्या. सगळ्या नव्हे, काही अजून पडतात, त्यांच्या घरात बहुधा अजून कुणी दोनदा बघितलेलं नसतं. पण बाकीच्या घराघरांत फिरायला लागल्या. सून भरायची, सासू बदलायची, नणंद मधेच बासरी घालायची. एका टोपलीत आजीने बाळाचं सगळं ठेवून आईसाठी नथ वाढवली. बायकोचा फोन सारखा वाजायचा आणि ती कानाला खांद्याने फोन धरून तारा वळायची. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे बसायला जागा नव्हती. मी ऑफिसातून आलो की दारातच मला कात्री आणि चिकटपट्टी मिळायची.

संक्रांत झाली. माझा समज, आता काम संपलं. पण बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि बाळांच्या आज्यांना घाई नसते. सोमवारी मी मुद्दाम उशिरा निघायचं ठरवलं. त्या दिवशी बायको मोठ्या बाईंना काय सांगणार, ते मला विचारायचं धैर्य नव्हतं, आणि ऐकायचं होतं. हलवा काय, महिन्याभराचा सण. पुढे काय, हा विचार मी आठवडाभर मनात घोळवत होतो आणि तिच्यासमोर मात्र अवाक्षर काढलं नव्हतं.

फोन तिनेच लावला, बाल्कनीत उभी राहून.

"बाई, मी नाही येत," ती म्हणाली. पहिलं वाक्य तेच. मग ऐकत राहिली. "हो, विचार केला. नाही, संक्रांत संपली की डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने सुरू करणार आहे. त्याला सण लागत नाही, पोटुशी बाई लागते, आणि त्या वर्षभर असतात." परत ऐकलं. हसली. "मुलं आठवतात हो. मुलं फार आठवतात. पण दुसऱ्या बाई चांगल्या बघा, जरा तरुण, गुडघ्यांनी धड." शेवटी आवाज थोडा ओला झाला, आणि तिने फोन ठेवला. मी उठून जावं की नाही, ठरत नव्हतं.

मग ती आत आली, डोळे पुसले, आणि मला न्याहाळून म्हणाली, "उठा जरा."

"का गं?"

"नाशिकचा मुकुट आहे तुमच्याखाली."

मी उठलो. मुकुट नव्हता, नुसतं रिकामं खोकं होतं, पण चेपलं होतं. ती म्हणाली, "सुटलात. आता तिथेच बसा, आणि ह्या तारा कापून द्या. ऑफिसला सांगा, घरी गर्दी आहे म्हणून." मी ऑफिसला तसंच सांगितलं.